अमावास्येला कुणी जागा बघत नाही

भुवया कोरायचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात, आणि मनगट नुसतं पुढेमागे करायचं. भिवंडीच्या बाजारामागच्या गल्लीत माझं ब्यूटी पार्लर आहे आणि तिथे हे मनगट मी वर्षानुवर्षं पुढेमागे केलंय. आधी ते लग्नसराईत दुखायचं, मग पावसाळ्यात दुखायला लागलं, आणि गेल्या वर्षी असं दुखलं की चहाचा कप डाव्या हाताने धरायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद करा. डॉक्टरांचं काय जातं सांगायला.

काम बंद करायचं तर महिन्याला काहीतरी घरात यायला हवं. नवरा सुताला खळ लावणाऱ्या एका साइझिंगच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्याच्या पगारात घर चालतं, पण रडतखडत. आणि आमच्या भिवंडीत महिन्याला काहीतरी येण्याचा एकच मार्ग सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणजे गाळा. गोदामातला एक भाग विकत घ्यायचा, कुठल्यातरी कंपनीला भाड्याने द्यायचा आणि घरी बसून भाडं मोजायचं. माझ्या खुर्चीत बसणारी निम्मी गिऱ्हाइकं गाळ्यांवरच बोलतात. कुणाच्या दिराचा राहनाळला गाळा, कुणाच्या बापाने कापडाचे लूम भंगारात काढून घेतलेला गाळा. दुसऱ्यांच्या भुवया कोरता कोरता मी या धंद्यात तरबेज झाले आहे अशी माझी समजूत होती.

तर मी ठरवलं. साठवलेलं सगळं घालायचं, उरलेलं बँकेकडून घ्यायचं, आणि हाताला सुट्टी द्यायची.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. तो घास गिळून म्हणाला, "बघ." त्याच्या 'बघ'चा अर्थ 'नको' असतो, पण इतक्या वर्षांत मी तो अर्थ कधी मनावर घेतलेला नाही.

राहनाळला दर ऐकूनच घाम फुटला. दलाल म्हणाला, "ताई, जरा आत चला. अंजूरच्या बाजूला दाखवतो." हा दलाल मूळचा त्याच पट्ट्यातला, बापजाद्यांची शेती गोदामांना देऊन बुलेटवर फिरणारा, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. माझं माहेरही तिकडचंच, खाडीकाठचं, त्यामुळे त्याने पहिल्याच भेटीत माझ्या भावाची ओळख काढली आणि मला घरचीच करून टाकलं.

गाळा खरंच छान होता. लहान, टेम्पो मागे लावता येईल असा, नवा पत्रा, नवं शटर. भिंती पांढऱ्या, आणि खाली कमरेपर्यंत गडद तांबडा रंग. मला तो रंग फार आवडला. मी म्हटलं, मळ दिसणार नाही. शेजारच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या मालाचे खोके लाकडी फळ्यांच्या चौकटींवर रचून ठेवले होते, जमिनीला एकही टेकलेला नव्हता. माणसं किती टापटिपीची आहेत, असं मी नवऱ्याला म्हणाले.

मी काय कमी प्रश्न विचारले? फोनवर व्हिडिओ बघून बघून मी सगळं पाठ केलं होतं. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? बहिणींच्या सह्या झाल्या का? बांधकामाची परवानगी कुणाची? रस्ता सरकारी की कुणाच्या शेतातून? विजेचा मीटर वेगळा आहे का? भाडेकरू सोडून गेला तर दुसरा मिळायला किती महिने जातात, आणि तोवर बँकेचा हप्ता कुठून भरायचा? दलाल एकेकाचं उत्तर देत गेला. वकिलाकडून कागद तपासून घेतले, तेही स्वच्छ निघाले. वकील म्हणाला, इतके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक बरेच दिवसांनी भेटलं. मी ते चार जणांना सांगितलं.

नवऱ्याने सगळ्यात मिळून एकच प्रश्न विचारला. "राहनाळपेक्षा एवढा स्वस्त का?"

"साहेब, आतला रस्ता आहे," दलाल म्हणाला. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

हे सगळं राखी आणि गणपती यांच्या मधल्या दिवसांत चाललं होतं. तीन-चारदा आम्ही जाऊन आलो, कधी सकाळी दुकान उघडायच्या आधी, कधी दिवेलागणीला. पावसाळा होता, सगळीकडे चिखल, त्यामुळे गाळ्यासमोर चिखल दिसला तर त्यात नवल काय. एक सोमवार मात्र अख्खा मोकळा होता, दुकान बंद, नवऱ्याला रजा. मी दलालाला फोन केला की आज दुपारी येतो, भावालाही दाखवायचा आहे. तो म्हणाला, "ताई, आज पिठोरी अवस. अवसेला कोन जागा बघतं का?" मी आईला फोन केला तर ती उखडलीच. "खुली झालीस का? अवसेला घर बघाचा न्हाय, जागा बघाची न्हाय. मंगलवारी जा." आम्ही मंगळवारी गेलो, तेही संध्याकाळी.

गणपतीत टोकन दिलं. ज्याचा गाळा त्या मालकाच्या हातात मी स्वतः पैसे ठेवले, वर पेढा ठेवला. बँकेने कर्ज मंजूर केलं. पुढे पितृपक्ष, त्यात कुणी खरेदी करत नाही, म्हणून घटस्थापना झाली की दुसऱ्या दिवशी नोंदणी, असं ठरलं. मी दिवाळीनंतरच्या नवऱ्या मुलींची कामं घेणं बंद केलं. दोघीतिघींच्या आयांना नाही म्हणून सांगून टाकलं. नाही म्हणताना जे सुख झालं ते कसं सांगू. उजवा हात मांडीवर ठेवून मी फोनवर म्हणत होते, "नाही हो, आता मी कमी केलंय."

पण पितृपक्षाचे ते दिवस वाईट गेले. काही करायचं नव्हतं, तर डोकं काम करत बसलं. कंपनी आलीच नाही तर? हप्ता चुकला तर? नवऱ्याचा तो प्रश्न अधूनमधून टोचायचा. मी त्याच्यावरच चिडचिड करायचे, भाजीत मीठ जास्त झालं तरी दोष त्याचा. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. त्याला ऐकून घ्यायची सवय आहे आणि मला बोलायची.

सर्वपित्री अमावास्येला माहेरी पान ठेवतात. वडिलांचं पान, आजोबांचं पान. दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. ऊन कडकडीत होतं, दोन-तीन दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. गाळ्याकडे जाणारा फाटा माहेरच्या गावाआधीच लागतो. फाटा दिसला आणि मी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "वळवा."

"आज अमावास्या आहे," तो म्हणाला.

"नुसतं बघायचंय. घ्यायचं थोडंच आहे आज."

त्याने वळवली. शेवटच्या वळणापर्यंत रस्ता कोरडा ठणठणीत होता. वळण संपलं आणि स्कूटर थांबली. पुढे रस्ता नव्हता, पाणी होतं.

आवाज नाही, लाट नाही. गोदामांच्या मागच्या नाल्यातून पाणी वर आलं होतं आणि अंगणभर पसरत होतं, घरात न विचारता आलेल्या पाहुण्यासारखं सावकाश. कडेच्या गवताची पाती एकेक करून बुडत होती. आमच्या गाळ्याच्या शटरखालून ते आत गेलं होतं. त्या तांबड्या रंगाच्या पट्ट्यावर त्याची ओली रेघ चढत होती, आणि तो रंग तिथे का दिला होता ते मला उभ्या उभ्या कळलं. शेजारच्या गाळ्यात दोघं जण काम करत होते. एकाने बोलता बोलता, खाली न बघताच, दारातल्या सगळ्यांच्या चपला उचलल्या आणि वरच्या फळीवर ठेवल्या. सवयीचं काम होतं. खोके आपल्या लाकडी चौकटींवर ऐटीत बसलेले होते.

उधाण. हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी खाडीकाठची मुलगी. लहानपणी चिंबोऱ्या पकडायला आम्ही पोरं तिथी बघूनच जायचो, अवसेपुनवेला भर दुपारी पाणी कुठवर चढतं ते आम्हाला पायांनी माहीत होतं. आणि तीच मी सातबारा, मीटर, परवानगी असं जगभरचं विचारत बसले, आणि खाडीच्या इतक्या जवळ उभी राहून पाण्याचं एका शब्दाने विचारलं नाही. अवस आली की जागा बघायची नाही, हे पाळलं मात्र बिनचूक. दलालाला आमचं हे सोवळं ठाऊक होतं. त्याला खोटं बोलायचीही गरज पडली नाही, नुसती अवसेची आठवण करून दिली की झालं.

बँकेचं कर्ज, टोकन, परत पाठवलेल्या नवऱ्या मुली, सगळं एकदम अंगावर आलं. खारं पाणी महिन्यातून दोनदा आत येणारा गाळा भाड्याने कोण घेणार, आणि घेतला तर काय भावाने? नवऱ्याने स्कूटर मागे वळवून घेतली. "मी म्हटलं होतं" असं तो म्हणाला असता तर मी त्याला तिथेच पाण्यात ढकललं असतं, हे त्यालाही माहीत असावं.

माहेरी पानं वाढली होती. आईने विचारलं, "उशीर का झाला गो?" मी म्हटलं, ट्रॅफिक. आई दोनदा वाढायला आली आणि माझं ताट बघून परत गेली.

सौदा नको म्हटल्यावर मालकाने टोकन परत द्यायला साफ नकार दिला. सौदा तुम्ही मोडताय, मी नाही, म्हणाला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता, आणि तोच वकील, ज्याने माझी तारीफ केली होती, त्याने मान खाली घालून मला तेच सांगितलं. ते टोकन म्हणजे हातात असलेल्या पैशांतला मोठा वाटा होता. तो गेला तर दुसऱ्या गाळ्याचं नाव काढायला नको, पुढची कित्येक वर्षं मी आहे आणि दोरा आहे.

मग दलाल दुकानावर आला. बायकांच्या पार्लरमध्ये पुरुषांना मज्जाव, म्हणून तो पायरीवर उभा राहिला आणि पडद्याआडून बोलला. आत खुर्चीत गिऱ्हाईक, माझ्या दातात दोरा.

"ताई, टेन्शन घेऊ नका. दुसरी पार्टी हाय माझ्याकडं. तिचा व्यवहार झाला की तुमचं टोकन मालकाकडून काढून देतो. शब्द हाय."

मी दोरा सोडला. "मग मला कशाला सांगतोस? दे की तिला."

"आधीचं गिऱ्हाईक सोडून गेलं म्हटल्यावर समोरचा बिचकतो. तुम्ही फक्त अष्टमीला येऊन उभ्या राहा. सांगा, घरात अडचण आली. बाकी मी बोलतो."

अष्टमी. शुभ दिवस, देवीचा दिवस, आणि त्या दिवशी खाडीला भांग, म्हणजे भरतीचं पाणी सगळ्यात कमी. ही तिथी त्याने अशीच निवडली नव्हती. मी पडद्याकडे बघत उभी राहिले. खुर्चीतली बाई म्हणाली, "दीदी, एक ही हुआ है अभी." मी तिची दुसरी भुवई कोरायला घेतली आणि त्या दुखऱ्या हाताने मला हो म्हणायला लावलं. "येईन," मी पडद्याला सांगितलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "बघ." रात्रभर मी कूस बदलत होते. माझं मन दोन्हीकडून भांडत होतं. ते लोक लहान नाहीत, विचारतील, तपासतील. मला कुणी सांगितलं होतं? मग मी का सांगू? आणि दुसऱ्या बाजूने नुसतं ते शटरखालून आत जाणारं पाणी दिसत होतं.

अष्टमीला सकाळी अंगण लख्ख कोरडं होतं. कुणीतरी झाडूनही घेतलं होतं. एक पन्नाशीचा माणूस आला होता, लूम विकून मोकळा झालेला, हातात छत्री. त्याच्याबरोबर बुरख्यातली बायको. चेहरा झाकलेला, नुसते डोळे दिसत होते, पण भुवया मी ओळखल्या. माझ्या हातच्या होत्या. डावी भुवई तिची जरा वर उचलली जाते, ती मी दर महिन्याला सांभाळून खाली घेते.

"अरे, दीदी आप?" ती म्हणाली, आणि तिने नवऱ्याकडे वळून समाधानाने सांगितलं, "देखिए, ये तो हमारी पार्लरवाली दीदी हैं. ये ले रही थीं तो जगह अच्छी ही होगी."

दलालाचा चेहरा खुलला. असा योग त्यानेही योजला नसता.

त्या माणसाने गाळा बघितला. शटर वरखाली केलं, पत्र्याकडे बघितलं, भिंतीवर बोटाने टकटक केली. मीटरचं विचारलं, रस्त्याचं विचारलं, परवानगीचं विचारलं. माझेच प्रश्न, त्याच क्रमाने. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "बहनजी, बुरा मत मानिए. आप छोड़ क्यों रही हैं?"

मी तोंड उघडलं. घरात अडचण आहे, एवढं एक वाक्य होतं. "घर में..." एवढंच निघालं. मनगटात कळ आली.

मी अडखळलेली बघून दलाल पुढे झाला. "अब क्या बताएँ, भाईजान, दीदी को शरम आती है बोलने में. साहब की नौकरी छूट गई. घर पे बैठे हैं. कर्जा कैसे भरेंगे?"

माझा नवरा तिथेच उभा होता. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आयुष्यात एकही दिवस उशिरा कामावर न गेलेला माणूस. त्या नवरा-बायकोने त्याच्याकडे दयेने बघितलं. आणि त्याने मान खाली घातली, आणि हळूच होकारार्थी हलवली.

मला आधी कळेचना तो काय करतोय. मग कळलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रागाने की शरमेने, ते आजही नाही सांगता येणार.

"नौकरी नहीं छूटी," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "इनकी नौकरी अच्छी है. यहाँ पानी आता है. अमावस को और पूनम को, दोपहर में. खाडी का पानी. गाले के अंदर आता है."

शेजारच्या गाळ्यातला टेप लावायचा करकर आवाज तेवढा येत होता. त्या माणसाने तांबड्या रंगाकडे बघितलं, मग लाकडी चौकटींकडे, मग नाल्याकडे. त्याने मला हात जोडले आणि बायकोला घेऊन तो निघाला. जाताना तिने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. दलाल मला एवढंच म्हणाला, "ताई, आता माझ्याकडं टोकनचं बोलू नका." बुलेट फटफटत गेली.

परतीच्या वाटेवर मी स्कूटरवर मागे बसून रडले. हुंदके नाहीत, नुसतं पाणी गळत होतं आणि वाऱ्याने वाळत होतं. मला चांगलं वागल्याचं काही समाधान वाटलं नाही. पैसे गेले होते, हात दुखत होता, आणि त्या दलालापेक्षा मला माझ्या नवऱ्याचा राग आला होता.

"कशाला मान हलवलीत?" मी त्याच्या पाठीला विचारलं.

हेल्मेटमुळे त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं, ओरडून.

त्याने स्कूटरचा वेग कमी केला, पण मागे वळून बघितलं नाही. "मला वाटलं," तो म्हणाला, "मला नोकरी नसलेला म्हटल्याने तुझे हात त्या दोऱ्यातून सुटत असतील, तर म्हणू देत."

पुढे राहनाळच्या नाक्यावर ट्रक अडकले होते. आम्ही दोन ट्रकांच्या मध्ये उन्हात उभे राहिलो. मी त्याच्या शर्टाला डोळे पुसले आणि ज्यांना नाही म्हटलं होतं त्या नवऱ्या मुलींच्या आयांना एकेक करून फोन लावायला घेतला. पहिलीने दुसरीकडे ठरवलं होतं. दुसरीने विचारलं, "पण तुम्ही कमी केलं होतं ना हो?"

"केलं होतं," मी म्हणाले. "तारीख सांगा."